गुराबेची लघुप्रतिकृती

गुराबेची लघुप्रतिकृती म्हणजे मराठा आरमारातील गुराब या लढाऊ जहाजाची, ठराविक प्रमाण राखून लाकूड, दोर, कापड व धातू यांपासून तयार केलेली आणि रंगवलेली लहान आकाराची प्रतिकृती होय. गुराबांचा वापर प्रामुख्याने कोकण किनाऱ्यावर, विशेषतः आजच्या रायगड जिल्ह्यातील कुलाबा, खांदेरी आणि चौल-रेवदंडा परिसरात होत असे. सरखेल कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) यांच्या आरमारात गुराब हे मुख्य तोफवाहू जहाज होते. मराठा गोद्यांत बांधलेली एकही गुराब आज शिल्लक नाही आणि तिचे मापबद्ध नकाशेही उपलब्ध नाहीत. त्यामुळे तिची प्रतिकृती लिखित वर्णने, चित्रे आणि किनाऱ्यावरील नौकाबांधणीची परंपरा यांच्या आधारे सिद्ध करावी लागते.

पार्श्वभूमी

‘गुराब’ हा शब्द अरबी भाषेतून आला असून मूळ अर्थ ‘कावळा’ असा सांगितला जातो. इंग्रजी कागदपत्रांत याच जहाजाला ‘ग्रॅब’ आणि गलबताला ‘गॅलिव्हॅट’ म्हटले आहे. गुराब ही केवळ मराठ्यांची नव्हती. सिद्दी, पोर्तुगीज आणि इंग्रजही या प्रकारची जहाजे वापरत. १६७९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर किल्ला बांधण्यास घेतला, तेव्हा झालेल्या सागरी लढाईत मराठ्यांनी इंग्रजांची ‘डव्ह’ नावाची गुराब पकडली होती.

अलिबागसमोरील कुलाबा किल्ल्याची उभारणी १६८० मध्ये सुरू झाली. पुढे हा किल्ला आंग्रे घराण्याचे प्रमुख ठाणे बनला. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी संयुक्तपणे कुलाब्यावर केलेली स्वारी अयशस्वी ठरली. आंग्रे आरमाराचा मोठा भाग मात्र १७५६ मध्ये नष्ट झाला. त्या वर्षी फेब्रुवारीत इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला, तेव्हा तुळाजी आंग्रे यांची बंदरात उभी असलेली जहाजे आगीच्या भक्ष्यस्थानी पडली. गुराबेचा अभ्यास करणाऱ्यास प्रत्यक्ष जहाज पाहता येत नाही, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

रामचंद्रपंत अमात्य यांच्या ‘आज्ञापत्र’ या राजनीतिपर ग्रंथात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा फार मोठ्या किंवा फार लहान नसून मध्यम आकाराच्या असाव्यात, तसेच एका सुभ्यात पाच गुराबा व पंधरा गलबते असावीत, असे त्यात सांगितले आहे. गुराब आणि गलबत यांचा हा एक-तीन संबंध प्रतिकृतिकारांसाठी महत्त्वाचा ठरतो. वारा पडल्यावर वल्ह्यांवर चालणारी गलबते गुराबेला दोराने ओढून नेत. गुराब दुरून शत्रूच्या डोलकाठ्यांवर व शिडांवर तोफा डागी आणि शत्रुजहाज निकामी झाल्यावर गलबतांतील सैनिक त्यावर चढत. एकट्या गुराबेची प्रतिकृती या युद्धपद्धतीचा अर्धाच भाग दाखवते.

उपलब्ध साधने

दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानाची प्रतिकृती करणाऱ्यास कारखान्याचे नकाशे, छायाचित्रे, रंगांचे अधिकृत नमुने आणि अनेकदा प्रत्यक्ष विमानही उपलब्ध असते. उदाहरणार्थ, दिल्लीतील पालम येथील भारतीय वायुसेना संग्रहालयात स्पिटफायर विमान जतन केलेले आहे. त्याच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर असल्याचे निश्चितपणे ज्ञात आहे. त्यामुळे १:७२ प्रमाणात तो १५.६ सेंटिमीटर आणि १:४८ प्रमाणात २३.४ सेंटिमीटर असावा, हे एका भागाकाराने ठरते. गुराबेच्या बाबतीत मूळ मापच अनुमानाने काढावे लागते. त्यासाठी पुढील साधने वापरली जातात.

लिखित वर्णने: ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याच्या ग्रंथात (पहिला खंड, १७६३) गुराब व गलबताचे सविस्तर वर्णन आहे. त्यानुसार गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या असत, मोठ्या गुराबेला तीन. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, तर दोन डोलकाठ्यांची सुमारे १५० टनांची असे. लांबीच्या मानाने ती रुंद, उथळ बुडाची आणि मध्यापासून पुढे निमुळती होत जाणारी होती.

चित्रे: जहाजांची चित्रे रंगवणारा डॉमिनिक सेरेस याने विजयदुर्गावरील १७५६ च्या मोहिमेचे चित्र घटनेनंतर काही वर्षांनी काढले. फ्लेमिश चित्रकार बाल्थाझार सोल्व्हिन्स याने अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधील नौकांच्या चित्रमालिकेत गुराबेचाही समावेश केला. भारतीय टपाल खात्याने १९९९ मध्ये कान्होजी आंग्रे यांच्या स्मरणार्थ काढलेल्या तिकिटावर त्यांच्या आरमारातील गुराब दाखवली आहे. सोल्व्हिन्सचे चित्र नंतरच्या काळातील आणि पूर्व किनाऱ्याकडील असल्याने कुलाब्याच्या गुराबेसाठी ते जसेच्या तसे वापरता येत नाही.

नौकाबांधणीची परंपरा: फ्रेंच नौदल अधिकारी फ्रान्स्वा-एदमों पारी याने १८४० च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात युरोपबाहेरील अनेक नौकांचे मापबद्ध नकाशे आहेत. त्यांतील भारतीय नौकांवरून बुडाचा उतार, फासळ्यांची ठेवण व फळ्यांची जोडणी यांचा अंदाज बांधता येतो. उरण, अलिबाग, रेवदंडा व मुरूड येथील लाकडी मासेमारी नौकाही या दृष्टीने उपयुक्त आहेत, मात्र त्या गुराबेच्या थेट वारसदार नव्हेत.

प्रमाण व मापे

जहाजांच्या प्रतिकृतींसाठी १:४८, १:७२ आणि १:९६ ही प्रमाणे प्रचलित आहेत. गुराबेसाठी १:४८ हे प्रमाण सोयीचे मानता येते, कारण त्यात तोफा व दोरकाम स्पष्ट दाखवता येते आणि प्रतिकृती सामान्य कपाटात मावते. या प्रमाणात १६५ सेंटिमीटर उंचीचा खलाशी सुमारे ३.४ सेंटिमीटर उंचीचा होतो, तर पाच सेंटिमीटर जाडीची फळी जवळपास एक मिलिमीटर जाडीची होते.

जुन्या कागदांतील ‘टन’ हे जहाजाच्या वजनाचे माप नव्हे, तर त्याच्या धारणक्षमतेचे परिमाण होय. अठराव्या शतकात इंग्रजांमध्ये रूढ असलेल्या पद्धतीनुसार कण्याची लांबी, रुंदी आणि रुंदीचा निम्मा भाग यांचा फुटांतील गुणाकार करून त्यास ९४ ने भागल्यास टनांचा आकडा मिळत असे. हेच गणित उलट केल्यास टनांवरून मापांचा अंदाज करता येतो. १५० टनांच्या गुराबेची रुंदी २२ फूट धरल्यास कण्याची लांबी सुमारे ५८ फूट येते. १:४८ प्रमाणात हे अनुक्रमे १४ व ३७ सेंटिमीटर होतात. रुंदी केवळ दोन फुटांनी कमी, म्हणजे २० फूट धरली, तर कणा सुमारे ७० फुटांचा आणि प्रतिकृतीत जवळपास ४५ सेंटिमीटरचा होतो.

एका गृहीतकातील लहानसा फरक प्रतिकृतीची संपूर्ण ठेवण बदलतो, हे या उदाहरणावरून दिसते. लांबीच्या मानाने जहाज रुंद होते, या ऑर्मच्या वर्णनाशी पहिला पर्याय अधिक जुळतो. या दोन्ही आकड्यांत पुढे आलेल्या नाळेची आणि मागील बाजूच्या झुकावाची लांबी धरलेली नाही. त्यामुळे प्रतिकृतीची एकूण लांबी कण्यापेक्षा बरीच अधिक भरते. निवडलेली मापे व त्यांमागील गृहीतके प्रतिकृतीसोबत लिहून ठेवणे आवश्यक मानले जाते.

सांगाडा व फळीकाम

प्रतिकृतीचे काम कण्यापासून सुरू होते. कण्यावर ठराविक अंतराने जहाजाच्या आडव्या छेदाच्या आकाराचे पडदे उभे केले जातात आणि त्यांवर फळ्यांच्या बारीक पट्ट्या चिकटवल्या जातात. अनुभवी कारागीर पडद्यांऐवजी मूळ जहाजाप्रमाणे स्वतंत्र फासळ्या बसवतात. त्यास अधिक वेळ लागतो, परंतु काही फळ्या उघड्या ठेवून आतील रचना दाखवता येते. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या आळीपाळीने लावाव्या लागतात. एकच बाजू आधी पूर्ण केल्यास सांगाडा त्या बाजूस वाकतो आणि कणा पुन्हा सरळ होत नाही.

मूळ जहाजांसाठी साग हे सर्वांत महत्त्वाचे लाकूड होते. ‘आज्ञापत्रा’त आंबा व फणस यांचे लाकूडही आरमाराच्या उपयोगाचे म्हटले आहे, मात्र ही झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असल्याने त्यांस हात लावू नये, अशी ताकीद दिली आहे. प्रतिकृतीसाठी सागाचा उपयोग मर्यादित ठरतो. त्याचे रेषे ठळक असल्यामुळे १:४८ प्रमाणात एकेक रेषा फळीतील भेगेसारखी दिसते. म्हणून शिवणीसारखे बारीक रेषांचे लाकूड वापरून त्यास सागाची छटा देणे अधिक योग्य ठरते. पट्ट्या वाकवण्यापूर्वी कोमट पाण्यात भिजवून किंवा वाफेवर धरून नरम केल्या जातात.

अठराव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर फळ्यांच्या कडा खाच पाडून एकमेकींत घट्ट बसवण्याची पद्धत प्रचलित होती. अशा जोडणीत सांधे अरुंद राहतात. युरोपीय जहाजांच्या प्रतिकृतींत सांध्यांवर काळ्या रेषा उठवल्या जातात. गुराबेवर त्या तितक्या ठळक दाखवणे अयोग्य ठरते.

गुराबेचे ओळखचिन्ह म्हणजे तिची नाळ होय. ती भूमध्य समुद्रातील वल्हेकरी युद्धनौकांप्रमाणे पुढे टोकदार निघालेली असते. नाळेवरील तख्त मुख्य तख्ताच्या पातळीत असले तरी दोहोंमध्ये आडवी लाकडी भिंत असते. समोरून लाटा आल्या की गुराब जोराने खालीवर होई आणि नाळेवर पाणी चढे. हे पाणी अडथळ्याविना वाहून जावे म्हणून नाळेच्या कडांना कठडा नसे. प्रतिकृतीत नाळेवर कठडा बसवणे ही केवळ सजावटीतील चूक राहत नाही. त्यामुळे जहाजाच्या रचनेमागील कारणच नाहीसे होते.

तोफा, डोलकाठ्या व दोरकाम

आडव्या भिंतीत दोन झरोके असून त्यांतून दोन मोठ्या तोफा नाळेवरून थेट पुढे मारा करीत. या तोफा ९ ते १२ पौंडी, म्हणजे सुमारे ४ ते साडेपाच किलोग्रॅम वजनाचा गोळा फेकणाऱ्या असत. दोन्ही बाजूंना ६ ते ९ पौंडी तोफा असत. ९ पौंडी गोळ्याचा व्यास सुमारे १० सेंटिमीटर असल्याने १:४८ प्रमाणात तोफेचे तोंड दोन मिलिमीटरहून किंचित अधिक ठेवावे लागते. पुढील तोफांचा मारा हे गुराबेचे मुख्य सामर्थ्य असल्याने झरोके व नाळ यांची रेषा बिनचूक जुळणे महत्त्वाचे असते.

कुलाबा किल्ल्याच्या उत्तर तटावर चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या दोन तोफा आंग्रेकालीन समजून त्यांची नक्कल केली जाण्याचा संभव असतो. या तोफांवर इंग्लंडमधील यॉर्कशायर येथील लो मूर कारखान्याचे नाव आहे. हा कारखाना १७९१ मध्ये, म्हणजे कान्होजींच्या निधनानंतर सहा दशकांनी सुरू झाला. त्यामुळे त्या तोफा गुराबेच्या प्रतिकृतीसाठी नमुना ठरू शकत नाहीत.

शिडांविषयी साधनांत एकवाक्यता नाही. गलबताच्या मोठ्या डोलकाठीवर एकच विशाल त्रिकोणी शीड असल्याचे वर्णन आहे. गुराबेच्या काही युरोपीय चित्रांत मात्र चौकोनी शिडेही दिसतात. प्रतिकृतिकाराने कोणता आधार स्वीकारला, त्यानुसार शिडाचे वासे व दोरांची संपूर्ण मांडणी बदलते. शिडांसाठी बारीक विणीचे सुती कापड वापरले जाते. जाड कापडाची वीण प्रमाणाबाहेर दिसते, म्हणून धोतराच्या किंवा मलमलीच्या पोताचे कापड चहाच्या पाण्यात बुडवून मळकट पांढरे केले जाते.

काथ्याच्या दोरांसाठी सुती किंवा तागाचा धागा तपकिरी रंगात रंगवतात. धाग्यावरील सूक्ष्म तंतू दोराला केसाळ रूप देतात; धागा मेणावरून ओढून घेतल्यास ते बसतात. डोलकाठीला स्थिर ठेवणारे दोर जाड व गडद, तर शीड हलवणारे दोर बारीक व फिकट ठेवण्याची रीत आहे.

रंगकाम

लढाऊ विमानाच्या प्रतिकृतीत फवाऱ्याने दिलेला सलग रंग व चिकटचित्रांद्वारे उमटवलेली चिन्हे हे मुख्य काम असते. गुराबेच्या रंगकामात लाकडाचा वापर, तेल, मीठ आणि ऊन यांचा परिणाम दाखवणे महत्त्वाचे ठरते. पश्चिम किनाऱ्यावरील लाकडी नौकांच्या पाण्याखालील भागास चुना व तेल किंवा चरबी यांचा लेप दिला जाई. त्यामुळे लाकूड पोखरणाऱ्या सागरी किड्यांपासून संरक्षण मिळे. पाण्यावरील भागास माशाचे तेल व राळ लावली जाई. म्हणून प्रतिकृतीत पाणरेषेखाली मळकट पांढरा आणि वर गडद तपकिरी रंग दिला जातो.

प्रथम पॉलिश कागदाने पृष्ठभाग गुळगुळीत करून अस्तराचा पातळ हात दिला जातो. त्यावर फिकट तपकिरी रंग देऊन तो वाळल्यावर अतिशय पातळ केलेला गडद रंग फिरवतात. तो खाचांत साचतो आणि उंच भागांवरून पुसला जातो. शेवटी जवळपास कोरड्या कुंचल्याने कडांवर फिकट छटा देतात. चकाकणारे वार्निश प्रतिकृतीस खेळण्याचे रूप देते. म्हणून मंद चमकेचे वार्निश वापरले जाते. दुरून पाहिलेली मोठी वस्तू हवेमुळे फिकट दिसते, यास्तव लहान प्रतिकृतीवर मूळ रंगापेक्षा किंचित उजळ छटा वापरण्याची पद्धत आहे.

पावसाळ्यापूर्वी आरमार सुरक्षित बंदरात, किल्ल्याच्या आश्रयास छावणीला ठेवावे, असे ‘आज्ञापत्र’ सांगते. त्यामुळे किनाऱ्यावर ओढून घेतलेली, डोलकाठ्या उतरवलेली गुराब हा प्रतिकृतीच्या मांडणीचा एक इतिहाससंमत पर्याय आहे. अशा मांडणीत बुडाचा चुन्याचा लेप व त्यावरील शेवाळ दाखवता येते आणि शिडांविषयीचा वादग्रस्त निर्णयही टाळता येतो.

किनारी हवामान व जतन

रायगडच्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर या काळात हवेत आर्द्रता फार असते. या दिवसांत लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते. पावसाळ्यात चिकटवलेल्या पट्ट्या हिवाळ्यात आकसतात व त्यांच्यामध्ये फटी पडतात. म्हणून लाकूड काही आठवडे कामाच्या खोलीतच ठेवून नंतर वापरणे आणि फळीकाम पावसाळा संपल्यावर हाती घेणे हितावह असते. दमट हवेत लवकर उडून जाणाऱ्या द्रावणाचे वार्निश दिल्यास पृष्ठभाग थंड होऊन त्यावर बाष्प साचते आणि पांढुरका थर उमटतो.

खाऱ्या हवेत लोखंडी खिळे गंजून लाकडावर काळे डाग पडतात; त्यांऐवजी पितळी खिळे किंवा बांबूच्या बारीक खुंट्या वापरल्या जातात. शिशाच्या ओतीव तोफा विशेष धोकादायक ठरतात. बंद लाकडी पेटीत लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफांमुळे शिसे झिजून त्यावर पांढरी, विषारी भुकटी तयार होते. जगभरातील संग्रहालयांतील जुन्या जहाजप्रतिकृतींची यामुळे हानी झाली आहे. तोफांसाठी पितळ किंवा लाकूड अधिक टिकाऊ असते. काचपेटीला हवा खेळण्यासाठी बारीक छिद्रे ठेवणे आणि ती थेट उन्हापासून दूर ठेवणेही आवश्यक असते.

नेहमीच्या चुका

गुराबेच्या प्रतिकृतींत पुढील चुका होण्याचा संभव असतो:

- टोकदार, सपाट नाळेऐवजी युरोपीय युद्धनौकेप्रमाणे उंच व गोलाकार पुढचा भाग दाखवणे.
- पिछाडीस युरोपीय जहाजांसारखे नक्षीदार, अनेक मजली सज्जे बसवणे.
- गुराब व गलबत यांची वैशिष्ट्ये एकाच जहाजात मिसळणे. विशेषतः गलबताची ४० ते ५० वल्ही गुराबेस लावणे.
- शिडांवर ऐतिहासिक आधार नसलेली मोठी चिन्हे रंगवणे.
- सर्व तोफा एकाच आकाराच्या ठेवणे.

महत्त्व

प्रत्यक्ष वस्तू नष्ट झाल्यावर तिची प्रतिकृतीच लोकांच्या स्मरणात मूळ वस्तूची जागा घेते. कुलाबा किल्ल्यास भेट देणारा पर्यटक ओहोटीच्या वेळी चालत किल्ल्यात पोहोचतो, तटबंदी पाहतो. परंतु ज्या जहाजांसाठी हा किल्ला महत्त्वाचा होता, ती त्यास दिसत नाहीत. शाळेत किंवा संग्रहालयात पाहिलेली प्रतिकृती चुकीची असेल, तर ती चूकच पुढे इतिहास म्हणून रूढ होते. त्यामुळे कोणता भाग लिखित आधारावर, कोणता चित्रावरून आणि कोणता अनुमानाने केला आहे, हे नमूद करणारा फलक हा प्रतिकृतीचा आवश्यक भाग ठरतो.

लुप्त जहाजाची अशा प्रकारे पुनर्रचना करण्याचे अलीकडचे उदाहरण म्हणजे भारतीय नौदलाचे ‘कौंडिण्य’ हे शिवलेल्या फळ्यांचे जहाज होय. अजिंठा येथील भित्तिचित्रातील नौकेवर आधारित या जहाजाचेही नकाशे उपलब्ध नव्हते. त्याची रचना ठरवताना लहान प्रतिकृती तयार करून आयआयटी मद्रास येथे तिच्या जलचाचण्या घेण्यात आल्या. २०२५ मध्ये हे जहाज नौदलात दाखल झाले. तेथे प्रतिकृती हे शोभेचे साधन न राहता अनुमान तपासण्याचे साधन ठरले. गुराबेच्या बाबतीतही रुंदी, बुडाची खोली, तोफांचे वजन आणि डोलकाठ्यांची उंची यांविषयीची अनुमाने परस्परांशी जुळतात की नाही, हे मापबद्ध प्रतिकृतीद्वारे पडताळून पाहता येते.

हेही पहा

- मराठा आरमार
- कान्होजी आंग्रे
- कुलाबा किल्ला
- खांदेरी
- विजयदुर्ग
- आज्ञापत्र
- गलबत